हादरे थांबेपर्यंत

किल्लारीला जाऊन येतो, असे मी घरी सांगितले तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिले. या गावाच्या नावाला एक तारीख कायमची चिकटून बसली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटे. त्या दिवसापूर्वी हे गाव आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? आणि त्या दिवसानंतर ते विसरणे कुणाला जमले? "तिथे आता काय पाहायचंय तुम्हाला?" सौभाग्यवतींनी विचारले. मी म्हणालो, "चूर्णाचा एक डबा."

ही थट्टा नव्हती. माझ्या वर्गात किल्लारीचा एक मुलगा होता. मराठीत यथातथाच, पण पायात वारा भरलेला. महाविद्यालयासाठी तो दहा हजार मीटर धावत असे आणि पहिल्या वर्षी चौतीस मिनिटांच्या आत आला होता. डोळ्यांसमोर मात्र पदक नव्हते, पोलीस भरती होती. आमच्या मराठवाड्यात पहाटे कुठल्याही गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. अंधारातून पावलांचा आवाज येतो. मुलगे सोळाशे मीटरसाठी पळत असतात, मुली आठशेसाठी. कोरडवाहू शेती आणि सरकारी नोकरी यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते ही मुले अक्षरशः पायांनी कापीत असतात.

तर हा मुलगा दुसऱ्या वर्षी मागे पडू लागला. चौतीसचे पस्तीस झाले, पस्तीसचे सदतीस. वर्गात पेंगू लागला. विचारले तर उलट उत्तर देऊ लागला. सारखी सर्दी, सारखा खोकला. मी सहज चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "सर, काळजी नको. कोर्स चालू केलाय." मला वाटले, संगणकाचा असेल. तो चूर्णाचा होता. भाद्रपदात तो गणपतीला म्हणून गावी गेला तो परतलाच नाही. तेव्हा मीच जायचे ठरवले.

लातुरातून उमरग्याची एस.टी. धरली. किल्लारी सुमारे चाळीस किलोमीटर. औसा मागे पडले, लामजना आले. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडत चाललेले, मधून मधून तुरीच्या हिरव्यागार ओळी. पाऊस दोन दिवसांपूर्वी पडून गेला होता आणि काळ्या जमिनीचा तो ओला, जड वास खिडकीतून येत होता. या सपाट, शांत मुलखाकडे पाहून कुणाला वाटावे, की ही भूमी कधी हलली असेल? शास्त्रज्ञांनाही तसे वाटले नव्हते. दख्खनचे हे पठार म्हणजे स्थैर्याचा नमुना, असेच सारे समजून होते.

नवे किल्लारी पाहिले की प्रथम डोळ्यात भरते ती सरळपणाची सवय. रस्ते रुंद, घरे ओळीने, प्रत्येकाभोवती थोडी मोकळी जागा. जुन्या गावांतले बोळ, वाडे, ओट्याला लागलेले ओटे इथे नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे गाव थोडे वसाहतीसारखे वाटते. पण दारापुढची तुळस, खाटेवर वाळत घातलेल्या मिरच्या आणि "कुनाकडं जायचंय?" हा प्रश्न भेटला, की गाव ते गावच आहे हे कळते.

मुलगा घरातच होता. खाटेवर पडून भिंतीकडे पाहत होता. भिंतीवर अविनाश साबळेचे चित्र चिकटवलेले. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोर. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी जाणारा. सैन्यात गेला आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक घेऊन आला. मराठवाड्यातल्या पळणाऱ्या पोरांचा तो विठोबाच आहे. चित्राखाली फळी होती आणि फळीवर देवाच्या पुढे मांडावेत तसे डबे मांडलेले. मी एकेक उचलून वाचू लागलो. अश्वगंधा, गोखरू, शिलाजित, सफेद मुसळी. एका डब्यावर सिंहाचे चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत : थकवा घालवते, दुष्परिणाम नाहीत.

"किती रुपयांचे?" मी विचारले. त्याने आकडा सांगितला. वसतिगृहाच्या खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे त्यात आले असते. आणि मग माझ्या लक्षात आले, की ते खानावळीचेच होते. पोराने रात्रीचे जेवण बंद करून चूर्ण घेतले होते.

"कुणी सांगितले तुला?"

"मैदानावर सगळेच घेतात, सर. मी मागं पडायलो म्हणून पळणं वाढवलं. सकाळी पंधरा किलोमीटर, संध्याकाळी दहा. मग जास्तच थकायलो. म्हणून डबा वाढवला."

केवढे सरळ गणित! थकवा आला की मेहनत वाढवायची आणि मेहनतीने थकवा वाढला की चूर्ण वाढवायचे. यात बेरीज तेवढी होती. वजाबाकी कुठेच नव्हती.

आत आजीने चुलीवर भाकरी टाकल्या होत्या. खाटेच्या पायथ्याशी आजोबा बसले होते. एक पाय लांब करून, कारण तो दुमडत नाही. ते म्हणाले, "लई पळलालंय बघा सर. पर अंगाला लागंना झालंय. वाळत चाललंय लेकरू." आम्हां शहाण्यासुरत्यांनी ज्याची व्याख्या करायला ग्रंथ लिहिले, ते म्हाताऱ्याने दोन वाक्यांत सांगून टाकले.

या विकाराला मी अतिसराव म्हणेन. २०१३ मध्ये युरोप आणि अमेरिका येथील क्रीडाशास्त्राच्या दोन मोठ्या संस्थांनी मिळून यावर एक संयुक्त निवेदन काढले. त्याचे सार असे, की सरावाने शरीर बळकट होते हे अर्धे सत्य आहे. सरावाने शरीर मोडते; बळकट होते ते त्यानंतरच्या विश्रांतीत. दोन-चार दिवसांचा शीण विश्रांतीने जातो आणि माणूस पूर्वीपेक्षा चांगला धावतो. पण विश्रांती न देता भार चढवीत गेले, तर एक वेळ अशी येते की आठवडेच्या आठवडे, कधी महिने गेले तरी जुना वेग परत येत नाही. झोप बिघडते, भूक मरते, चिडचिड होते, सर्दीपडसे पाठ सोडत नाही. रक्ताची अशी एकच तपासणी नाही की जी नेमके बोट ठेवील. रक्तक्षय, थायरॉइड, क्षय, पोटाला कमी पडणारे अन्न ही कारणे एकेक तपासून बाजूला सारायची आणि मग उरेल त्याला हे नाव द्यायचे. आणि उपाय? निवेदनात कुठल्याही मुळीचे वा गोळीचे नाव नाही. उपाय एकच : विश्रांती.

संध्याकाळी मुलगा मला जुन्या गावाकडे घेऊन गेला. स्मारकाच्या स्तंभापाशी आम्ही थांबलो. दर वर्षी ३० सप्टेंबरला इथे माणसे जमतात. पलीकडे गाव होते तिथे आता बाभळी आणि काटेरी झुडपे. मधूनच एखादा घडीव दगड, एखाद्या जोत्याची ओळ. त्या दगडांच्या कडेला मुलगा एकदम वाकला. "सर, हीच ती."

आस्कंद! गुडघ्याएवढे झुडूप, मळकट हिरवी पाने, आणि कागदी टोपणात दडलेली लालसर फळे. हिच्या मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा. आणि गंमत पाहा, शास्त्रीय लॅटिन नावात हिला सोम्निफेरा म्हटले आहे, म्हणजे झोप आणणारी. आपण तिला घोडा म्हणून विकत घेतो. वनस्पतिशास्त्र तिला अंगाई म्हणते! पोराच्या वाट्याला यातले दुसरेच जास्त गरजेचे होते.

मी या वनस्पतीची निंदा करणार नाही. आपल्या वैद्यांनी ती शतकानुशतके वापरली आहे. अलीकडे हिच्यावर प्रयोगही झाले. काही प्रयोगांत आठ-बारा आठवडे ती घेणाऱ्या निरोगी तरुणांचा दम थोडा वाढलेला दिसला. पण ते प्रयोग लहान, काही डझन माणसांचे. आणि ती माणसे धडधाकट होती, अतिसरावाने मोडलेली नव्हती. उलट बाजूही आहे. हिच्या गोळ्या घेणाऱ्या काहीजणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचा विकार असणाऱ्याने तर जपूनच राहावे, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. १९४७ साली सोव्हिएत रशियात लाझारेव्ह नावाच्या शास्त्रज्ञाने अशा ताण सोसायला मदत करणाऱ्या औषधींसाठी अ‍ॅडॅप्टोजेन हा शब्द काढला. आज तो शब्द डब्याडब्यावर मिरवतो. शब्द प्रयोगशाळेतून निघून बाजारात पोचला, की त्याला पुरावा मागे ठेवून यावे लागते असे दिसते.

परत वळताना मुलाच्या चपलेत काटा घुसला. पाहतो तो सराटा! पिवळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी ही वेल शेतकऱ्याच्या पायांची जुनी वैरीण. तिच्याच काटेरी फळाला वैद्य गोखरू म्हणतात. "अरे, फळीवरच्या दुसऱ्या डब्यात हेच आहे," मी म्हणालो. पोर काटा काढता काढता थबकले. शेतात जो फुकट टोचतो, तोच पोराने डबाबंद करून विकत घेतला होता! या गोखरूने पुरुषी बळ वाढते अशी जाहिरात जगभर चालते. ऑस्ट्रेलियात रग्बी खेळाडूंना पाच आठवडे तो देऊन पाहिला. २००७ मध्ये निष्कर्ष आला, की न घेणाऱ्यांपेक्षा त्यांचे बळ जास्त वाढले नाही.

भीती याहून मोठी निराळीच आहे. डब्यावर जे लिहिले असते, तेवढेच डब्यात असते असे नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी तेरा देशांतून ६३४ पूरक पदार्थ गोळा करून तपासले. २००४ मध्ये त्यांनी जाहीर केले, की त्यातल्या ९४ नमुन्यांत शरीरात गेल्यावर स्टेरॉइड बनतील अशी द्रव्ये होती आणि ती वेष्टनावर लिहिलेली नव्हती. म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा! उद्या खेळाडूची उत्तेजक चाचणी झाली, तर "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर चालत नाही. डबा विकणारा मोकळा, बंदी खेळाडूवर. हे ऐकून मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण सर, आयुर्वेद खोटा का?"

मला हा प्रश्न फार आवडला. मराठीच्या मास्तराला संस्कृताची थोडी खिडकी उघडी असते. मी त्याला तिथून दिसले तेवढे सांगितले. चरकाने औषधींचे गट केले आहेत, त्यात एक गट थकवा घालवणाऱ्यांचा, श्रमहर. त्यात दहा द्रव्ये. ती कोणती? द्राक्ष, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव आणि साठीचा तांदूळ. बघ, यात अश्वगंधा नाही, गोखरू नाही, शिलाजित नाही. सगळे खाण्याचे पदार्थ! गोड फळे, ऊस आणि धान्य. आजचा आहारशास्त्रज्ञ लांब पळणाऱ्याला नेमके हेच सांगतो, की स्नायूंतली संपलेली साखर आधी भरून काढ. चरकाची निम्मी यादी तुझ्या आजोबांच्या बांधावर आणि आठवडी बाजारात मिळते. तू ती सोडून सिंहाचे चित्र विकत घेतलेस.

आणि सिंहाचेच म्हणशील, तर वाग्भटानेही एक सिंह सांगितला आहे. शक्तीबाहेर श्रम करणाऱ्याची गत, हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखी होते, असा त्याचा दृष्टांत आहे. जिंकूनही सिंहच मरतो. म्हणून बलवानानेदेखील अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, असा त्या ग्रंथांचा दंडक. आजचा शिक्षक म्हणेल, स्पर्धेच्या खेळाडूला अर्ध्यावर थांबून कसे चालेल? खरे आहे. पण चांगले धावपटूसुद्धा आठवड्यातले बहुतेक अंतर सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगाने धावतात. जीव तोडून धावायचे दिवस मोजकेच असतात.

तालमीतही हेच होते. याच लातूर जिल्ह्यात, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७२ मध्ये रुस्तुम-ए-हिंद झाले. कुस्तीगिरांच्या त्या जगात मेहनतीइतकीच खुराकाला आणि झोपेला प्रतिष्ठा होती. दूध, तूप, बदामाची थंडाई. अंगाची रगडून मालीश. दुपारची गाढ झोप. आणि कुणी किती जोर मारायचे हे वस्ताद ठरवी, पठ्ठ्या नव्हे. आमची ही भरतीची पोरे एकटी पळतात. त्यांना वस्ताद नाही. त्याची जागा डब्याने घेतली आहे.

इतके सारे मी बोललो. दिवेलागणीला घरी आलो तेव्हा पोराचा चेहरा पाहून कळले, की माझे व्याख्यान त्याला पटले होते आणि उपयोगी पडले नव्हते. "सर, भरती कधीही निघंल," तो म्हणाला. "दोन महिने बसलो तर संपलोच मी. वय चाललंय."

मी निरुत्तर झालो. भरपगारी माणसाने बिनपगारी पोराला विश्रांतीचे महत्त्व सांगणे सोपे असते. तेव्हा आजोबा बोलले. ते मुलाकडे पाहत नव्हते, अंगणाकडे पाहत होते.

त्या रात्री अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून गाव दमून झोपले होते. भिंती दोन-दोन हात रुंद, दगडमातीच्या. वर लाकडी माळवद आणि त्याच्यावर थरावर थर माती. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून आणखी माती चढवायची. जेवढी भिंत जाड तेवढे घर बळकट, अशीच समजूत. पण दगड दगडाला बांधलेला नव्हता. ओझे होते, सांधा नव्हता. थोरला भाऊ, भावजय आणि त्यांचे तान्हे मूल त्या मातीखाली गेले. आजोबांना दुपारी बाहेर काढले, पायावरून तुळई उचलून. त्या पहाटे या परिसरात जवळजवळ दहा हजार माणसे गेली.

"मग पत्र्याच्या शेडात राहिलो," ते म्हणाले. "तवा मी जवान हुतो. म्हनलं, आता बसून काय करायचं? दगूड हाय, माती हाय, पुन्ना घर बांधतो. तर एक साहेब आले, इंजिनेर. ते म्हनले, बाबा, जमीन अजून हलायलीय. हादरे थांबू दे. हालत्या जमिनीवर पाया घेऊ नगंस." ते थांबले. "लई राग आला हुता मला त्याचा. पावसाळा शेडात काढला. पर ऐकलं. हे घर बघ. भिंत बारीक हाय, पर मधून सळईचा पट्टा फिरवलाय. समदं एकमेकाला धरून हाय."

मग त्यांनी पहिल्यांदा नातवाकडे पाहिले. "तुजी जमीन हलायलीय लेकरा."

कुणी काही बोलले नाही. आत आजीच्या भाकरीचा थापटण्याचा आवाज तेवढा येत होता. माझ्या मनात आले, १९९२ च्या ऑक्टोबरातही किल्लारीला लहान लहान धक्के बसले होते. पण पुढचा मोठा धक्का कधी येईल, येईल की नाही, हे त्यावरून कुणालाही सांगता आले नसते. आजही सांगता येत नाही. भूमी आपले मनोगत आगाऊ कळवीत नाही. शरीर मात्र कळवते. बिघडलेली झोप, मेलेली भूक, सकाळी उठल्याउठल्या वाढलेले नाडीचे ठोके ही त्याची पत्रेच असतात. आम्ही ती न फोडता त्यांच्यावर चूर्ण टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला अंथरुणातच नाडी मोजायला लावली. पूर्वी सहज म्हणून लिहून ठेवलेले ठोके मिनिटाला चोपन्न होते. आता एकाहत्तर आले. तो काही न बोलता उठला आणि फळीवरचे डबे खाली उतरवू लागला. आम्ही दोघे लातूरला डॉक्टरांकडे गेलो. हिमोग्लोबिन अकराच्याही खाली निघाले. बाकी तपासण्या ठीक. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, डबे बंद करायला सांगितले, दोन्ही वेळचे जेवण पुन्हा सुरू करायला लावले आणि पळणे थांबवले. आधी नुसते चालणे, मग आठवड्याआठवड्याने थोडे थोडे पळणे. भुईमुगाचे लाडू, खजूर, उसाचा रस, झोप आठ तास. औषध म्हणून सांगायला लाज वाटावी इतके साधे सारे!

आणि त्याची किंमतही पडली, हे लपवता कामा नये. हिवाळ्यात भरतीचे मैदान निघाले तेव्हा त्याच्या बरोबरीचे दोघे त्यात निवडले गेले. हा तेव्हा नुकता तीन किलोमीटर सावकाश पळू लागला होता. त्या दिवशी तो माझ्याकडे आला, अर्धा तास बसला आणि एक शब्दही न बोलता गेला. माझा सल्ला चुकला की काय, असे मला त्या रात्री वाटले. आजोबांना शेडातला पावसाळा जसा लांबला असेल, तसा त्या पोराचा तो हिवाळा लांबला.

यंदा आषाढात त्याने दहा हजार मीटर पुन्हा धावून पाहिले. चौतीस मिनिटे आणि वर काही सेकंद. विक्रम नव्हे, जुन्या उंबरठ्यापर्यंत परत आला इतकेच. पण शर्यतीनंतर तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी, कुणी न सांगता, पळायला गेला नाही. मला त्या दुसऱ्या दिवसाचे जास्त कौतुक वाटले.

परवा तो गावाहून येताना माझ्यासाठी आजीने दिलेली जवसाची चटणी घेऊन आला. डबा ओळखीचा होता. तोच सिंह, तीच मोठी अक्षरे : थकवा घालवते, दुष्परिणाम नाहीत. आजीने घासून-पुसून उन्हात वाळवून तो कामाला लावला होता. रात्री गरम भाकरीवर तेल घालून मी ती चटणी खाल्ली. डब्यावर लिहिलेले इतके खरे मला यापूर्वी कधी वाटले नव्हते.